तुक्क्याचे गणित

जयपूरच्या दुर्गापुरा भागात राजस्थान कर्मचारी चयन बोर्डाचे कार्यालय आहे. पटवाऱ्यापासून शिपायापर्यंतच्या सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा हे बोर्ड घेते. २०२५ च्या चतुर्थ श्रेणी भरतीत ५३,७४९ जागांसाठी २४ लाखांहून अधिक अर्ज आले होते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोळे असतात. चार उत्तरांचे आणि पाचवा ‘हा प्रश्न सोडवायचा नाही’ असे सांगणारा. उत्तर चुकले तर प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात. पाचांपैकी एकही गोळा रंगवला नाही तरी तेवढेच जातात, आणि असे कोरे प्रश्न दहा टक्क्यांच्या वर गेले तर उमेदवारच बाद होतो. कोरी जागा मागाहून कुणाला भरता येऊ नये, हा यामागचा उघड हिशेब आहे. भरतीतले घोटाळे पाहता त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र या पाचव्या गोळ्यामुळे प्रश्न सोडून देणे हासुद्धा पेन टेकवून घ्यायचा निर्णय झाला आहे. त्यासाठी लागणारे गणित अकरावीत शिकवले जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच संपते.

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवरचे क्लास असोत की पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, एक सल्ला सगळीकडे कानावर पडतो : येत नसेल तर हात लावू नका, निगेटिव्ह मार्किंग खाऊन टाकेल. हा सल्ला हिशेबाला उतरत नाही. चार पर्याय आहेत, प्रश्न एका गुणाचा आहे आणि उमेदवाराला त्यातले काहीही येत नाही असे धरा. डोळे मिटून गोळा रंगवला तर चारांत सरासरी एकदा एक गुण मिळेल आणि तीनदा एक तृतीयांश जाईल. एक आला, एक गेला, हाती शून्य. म्हणजे निव्वळ अंदाजपंचे मारलेला तुक्काही सरासरीने काही खात नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढे कळले, तर दर प्रश्नामागे सरासरी एक नवमांश गुण मिळतो. दोन पर्याय खोडता आले तर एक तृतीयांश.

मग तुक्का अंगाशी येतो असे इतक्या जणांना का वाटते? कारण तो बहुतेक वेळा अंगाशी येतोच, आणि हे पाच प्रश्नांवर करून पाहता येते. चार पर्यायांचे पाच प्रश्न १,०२४ प्रकारे रंगवता येतात. त्यातल्या २४३ प्रकारांत पाचही चुकतात आणि पावणेदोन गुणांच्या आसपास नुकसान होते. ४०५ प्रकारांत एकच बरोबर येतो आणि एक तृतीयांश गुण जातो. उरलेल्या ३७६ प्रकारांत दोन किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात आणि एक गुणापासून पाच गुणांपर्यंत फायदा होतो. तोट्याची वेळ शंभरात त्रेसष्ट, फायद्याची सदतीस. पण तोटा लहान आणि फायदा मोठा, म्हणून बेरीज शून्यावर येते. उमेदवाराच्या लक्षात राहतात त्या तोट्याच्या वेळा. आता प्रत्येक प्रश्नातला एकेक पर्याय खोडा. प्रकार उरतात २४३, त्यांतल्या १३१ मध्ये फायदा होतो. पारडे सदतीसवरून चोपन्न टक्क्यांवर जाते. पाचांतून दोन निवडण्याचे दहा मार्ग असतात हे सूत्र याच मुलांनी लाल-निळ्या चेंडूंवर घोटलेले असते. ते स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर वापरायला मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

यावर दोन आक्षेप निघतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की प्रश्न काढणारे कच्चे नसतात. चुकीचे पर्याय ते अशा बेताने रचतात की अर्धवट वाचलेला नेमका त्यांतच अडकावा. खरे आहे, आणि गणितही तेच सांगते : आपला कल चारांत एकदाही खरा ठरत नसेल तरच पाचवा गोळा फायद्याचा. पण कल किती वेळा खरा ठरतो हे भीतीवरून ठरवायचे कशाला? सराव परीक्षेत शंका असलेल्या उत्तरांना खूण करावी आणि शेवटी त्यांतली किती बरोबर आली ते मोजावे. दुसरा आक्षेप सरासरीवरचा. परीक्षा एकदाच द्यायची असते, हजारदा नव्हे. तीस प्रश्न आंधळेपणाने रंगवले तर निकाल शून्याच्या आसपास तीनेक गुण वरखाली हलणे अगदी साधे, आणि निवड तर गुणाच्या अपूर्णांकावर अडते. म्हणून कट-ऑफच्या बराच वर असल्याची खात्री असलेल्याने असा झोका घेऊ नये. खाली असलेल्याला मात्र गमावण्यासारखे फारसे नसते. एकच सल्ला दोघांना देणे चूक आहे.

आणि या सल्ल्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. अर्थशास्त्रज्ञ कॅटी बाल्डिगा यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चुकीला दंड असताना विषयाची तेवढीच जाण असलेल्या स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक प्रश्न सोडून दिले आणि त्यापायी गुण गमावले. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेने २०१६ मध्ये हा दंडच काढून टाकला. इथे कुणी म्हणेल की परीक्षेने ज्ञान तपासावे, धाडस नव्हे. अगदी बरोबर, पण चारांतले दोन पर्याय खोडता येणे हे ज्ञानच आहे. सूचना निमूटपणे पाळणारी मुलगी ते कागदावर उतरवत नाही आणि बेधडक मुलगा उतरवतो, तेव्हा परीक्षा धाडसच तपासत असते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोग चुकीच्या उत्तराला प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापतो. तिथे चार पर्यायांच्या, एका गुणाच्या प्रश्नात डोळे मिटून मारलेला तुक्काही सरासरीने एक षोडशांश गुण देतो, शंभर प्रश्नांमागे सव्वासहा. दंड किती ठेवायचा हा ज्या त्या आयोगाचा अधिकार. पण एक तृतीयांश आणि पाव यांत एवढा फरक पडतो, हे उमेदवाराला क्लासची फी भरल्यावरच का कळावे? सूचनापत्रात ‘चुकीच्या उत्तरास गुण वजा होतील’ या ओळीखाली आणखी दोन ओळी मावतात : काहीच येत नसताना रंगवलेल्या गोळ्याची सरासरी किंमत किती, आणि एक पर्याय खोडल्यावर ती किती होते.