उधारीचा तगादा आणि पोलिसांतली फिर्याद

कापडाच्या धंद्यात उधारी काही नवी नाही. भिवंडीचे ग्रे कापड मुदतीवर उचलायचे, कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात विकायचे आणि वसुली होईल तसे पैसे फेडायचे, यावरच आमच्या दोन पिढ्या जगल्या. पैसे थकले की पूर्वी दलाल मध्ये पडे, बाजारातले चार वडीलधारे बसत आणि हप्ते ठरत. आता निराळीच रीत पडली आहे. तारीख उलटली की थेट पोलिस ठाण्यात अर्ज जातो, ‘अमुक इसमाने माल घेऊन फसवणूक व विश्वासघात केला.’ मग फोन येतो, ‘शेठ, जरा येऊन जा.’ इज्जतदार माणूस त्या फोननेच अर्धा होतो. मालात तूट असो, डाग असो, परत पाठवलेले तागे असोत, सगळा हिशेब बाजूला ठेवून तो चेक लिहून देतो. अर्ज करणारा बाजारात हुशार ठरतो. मी याला हुशारी म्हणत नाही, धमकी म्हणतो. आणि आपले लोक तिला बळी पडतात ते कायद्याने आपल्या हातात काय दिले आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

उधारी थकणे हा गुन्हा नव्हे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीलाच बुडवण्याचा इरादा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केले. विश्वासघाताची गोष्ट आणखी वेगळी. त्यासाठी माल सोपवलेला असावा लागतो, विकलेला नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबचे प्रकरण निकाली निघाले. क्लबला घोड्यांचा दाणा पुरवणाऱ्याचे बिल थकले होते आणि त्याने उत्तर प्रदेशातल्या न्यायालयात फौजदारी तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने समन्स रद्द केले. माल विकला की मालकी घेणाऱ्याची झाली, मग विश्वासघात कसला, असा त्याचा मथितार्थ. एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमे एकदम लागत नाहीत, असेही न्यायालयाने सांगितले. आपल्याकडच्या अर्जांत ही दोन्ही कलमे जोडीनेच येतात.

भिवंडीशी व्यवहार करणाऱ्यांनी मात्र येथे सावध राहावे. सूत मजुरीवर विणायला दिले असेल तर ते देणाऱ्याच्याच मालकीचे राहते. कारखानदाराने ते परस्पर विकले तर तो विश्वासघात होऊ शकतो. म्हणून चलनावर ‘विक्री’ लिहिले आहे की ‘मजुरीसाठी’, या एका शब्दावर पुढचा सगळा खटला उभा राहतो किंवा पडतो. आपल्याकडे चलन कोण लिहितो? दुकानातला नोकर.

फोन आला तर काय करावे? नुसत्या फोनवर धावू नये, लेखी नोटीस मागावी. व्यापारी व्यवहाराच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटले आहे. म्हणून आपली बिले, चलने, बँकेचे उतारे जोडून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. लेखी नोटीस आली की ती टाळू नये, कारण हजर न राहणे हेच अटकेचे कारण होऊ शकते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, नव्या संहितेच्या कलम १८१ मध्ये तसे लिहिलेलेच आहे. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. ठाण्याच्या कागदातले फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन हे शब्द आमच्या लोकांना घरचेच वाटतात आणि त्यामुळे सगळा मजकूर कळला असा भ्रम होतो. तो वकिलाकडून वाचून घ्यावा.

अटकेची भीती सर्वांत मोठी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, ते तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून दोन तरुणींना अटक झाली. पुढे पोलिस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झाले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ सुद्धा रद्द केले. पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. तरीही धोका दिसला तर ठाणे किंवा कल्याणच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागावा. १ जुलै २०२४ पासून त्याचे कलम ४८२ आहे. गंमत अशी की जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचे कलम होते, ते आता ५२८ झाले. जुने वकील अजून बोलताना गोंधळतात.

गुन्हा रद्द करून घ्यायचा तर मुंबई उच्च न्यायालय. एफआयआरमधले सगळे खरे धरले तरी गुन्हा होत नसेल, किंवा फिर्याद केवळ सूड घेण्यासाठी केलेली असेल, तर ती रद्द करता येते, हे भजनलाल प्रकरणात १९९० सालीच ठरले. मात्र तेथे हमखास दिलासा मिळेल असे समजू नये. वरळीत नोंदलेल्या एका गुन्ह्यात उच्च न्यायालयाने ‘सक्तीची कारवाई करू नये’ असा अंतरिम आदेश दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये नीहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि तपास अडवण्याचा अधिकार क्वचितच वापरावा असे बजावले. ज्याचे कागद स्वच्छ आहेत त्यानेच हा खर्च करावा. इतरांनी तपास अधिकाऱ्याला कागद देऊन ‘सी समरी’ म्हणजे दिवाणी स्वरूपाचा वाद, किंवा फिर्याद द्वेषाने खोटी ठरली तर ‘बी समरी’, अशा अहवालाचा आग्रह धरावा.

ज्याचे पैसे खरोखर अडकले त्यालाही रस्ता आहे. चेक परतला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नाहीतर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा. वेळ लागतो, हे खरे. म्हणून पोलिस ठाणे वसुलीचे कार्यालय होत नाही.

खोट्या फिर्यादीतून सुटल्यावर बहुतेकजण शुक्रिया म्हणून घरी बसतात. जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा न्याय संहितेच्या कलम २४८ खाली गुन्हा आहे. द्वेषाने चालवलेल्या खटल्याबद्दल दिवाणी नुकसानभरपाईही मागता येते, पण तिची मुदत खटला संपल्यापासून फक्त एक वर्ष आहे.