पेनल्टी हुकली म्हणून मत चुकत नाही

६ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नमध्ये अमेरिकेचा महिला फुटबॉल संघ विश्वचषकातून बाहेर पडला. अंतिम १६ संघांच्या फेरीत स्वीडनविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्वीडनने ५-४ अशी बाजी मारली. लीना हुर्टिगचा शेवटचा फटका गोलरक्षक ॲलिसा नेहरने अडवला, वर उडालेला चेंडू पुन्हा झेपावून बाहेरही ढकलला. पण तेवढ्या क्षणात चेंडूने गोलरेषा जेमतेम ओलांडली होती, हे तंत्रज्ञानाने दाखवून दिले. त्याआधीच्या आठ विश्वचषकांपैकी चार या संघाने जिंकले होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या खाली तो एकदाही घसरला नव्हता. अशा संघाच्या पराभवाने देश हळहळला असता तर त्यात नवल नव्हते. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्गाने आपल्याच देशाच्या हरण्याचा आनंद साजरा केला. माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या अपयशाचा संबंध 'वोक', म्हणजे विरोधकांच्या मते अतिरेकी पुरोगामी, विचारसरणीशी जोडला आणि पेनल्टी हुकलेल्या मेगन रॅपिनोची जाहीर खिल्ली उडवली. पुरुष संघाइतके वेतन मागणाऱ्या या खेळाडूंना आता त्यांची जागा कळली, असा सूर समाजमाध्यमांवर उमटला. सामना फुटबॉलचा होता. निकाल मात्र खेळाडूंच्या मतांचा, मोबदल्याचा आणि देशभक्तीचा लावला गेला.

चाहत्यांनी संघावर टीका करावी का, हा प्रश्नच नाही. करावीच. रात्र जागून सामना पाहणाऱ्याला रागावण्याचा हक्क आहे, आणि राष्ट्रीय संघाकडे तर हिशेब मागायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच आहे, की तो हिशेब खेळाचा असावा. महिला संघाचा खरा अपमान टीकेच्या धारेने होत नाही. टीकेचा विषय बदलला की होतो. मधली फळी कोलमडली असे म्हणणारा त्या संघाला फुटबॉल संघ मानतो. पेनल्टी हुकली म्हणून तुमच्या मागण्या खोट्या ठरल्या असे म्हणणारा त्या सामन्याकडे फुटबॉल म्हणून पाहतच नाही. त्याला निमित्त हवे होते, ते मिळाले.

आणि खेळावर बोलायला त्या स्पर्धेत भरपूर होते. अमेरिकेने चार सामन्यांत अवघे चार गोल केले, त्यातले तीन पहिल्याच सामन्यात व्हिएतनामविरुद्ध. नेदरलँड्सशी १-१ अशी बरोबरी झाली. त्या सामन्यात पाच बदली खेळाडू वापरण्याची मुभा असताना प्रशिक्षक व्लाटको आंडोनोव्स्की यांनी एकच बदल केला. पोर्तुगालविरुद्ध ०-० असा निकाल लागला. भरपाईच्या वेळेत पोर्तुगालचा फटका खांबावर आदळला नसता, तर अमेरिका गटातच गारद झाली असती. त्याच सामन्यात रोझ लव्हेलला स्पर्धेतले दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि मधल्या फळीला दिशा देणारी ही खेळाडू स्वीडनविरुद्ध खेळू शकली नाही. दुखापतींनी तर स्पर्धेआधीच घाला घातला होता. ऐन बहरातली मॅलरी स्वॉन्सन एप्रिलमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेली. कॅटरिना मकारिओ आणि कर्णधार बेकी सॉअरब्रन यांनाही मुकावे लागले. २३ जणींच्या संघातल्या १४ जणी पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होत्या. दुसऱ्या बाजूला बाकीचे जग पुढे सरकत होते. जर्मनी, ब्राझील आणि ऑलिम्पिक विजेता कॅनडा हे तिघेही त्या वर्षी गटातच बाद झाले, तर मोरोक्को, जमैका आणि दक्षिण आफ्रिका बाद फेरीत पोहोचले. ही सारी कारणे मैदानावर डोळ्यांना दिसत होती. गंमत म्हणजे ज्या सामन्यात संघ हरला, त्यातच तो स्पर्धेतला सर्वांत चांगला खेळ करून गेला. स्वीडनची गोलरक्षक झेचिरा मुशोविच हिने ११ फटके अडवले म्हणून सामना शूटआउटपर्यंत लांबला.

टीका आणि हेटाळणी यांच्या सीमेवरचे एक उदाहरण कार्ली लॉइडचे आहे. दोन विश्वचषक जिंकलेली ही माजी खेळाडू त्या वेळी दूरचित्रवाणीवर विश्लेषक होती. पोर्तुगालविरुद्धच्या कशाबशा सुटकेनंतर खेळाडू हसत-नाचत असल्याचे पाहून ती संतापली, आणि गोलखांबानेच संघाला वाचवले असे तिने सुनावले. पुष्कळांना ते झोंबले. प्रशिक्षकांनी तर संघाच्या जिद्दीवर शंका घेणेच अमान्य केले. मला लॉइडचा राग समजतो. सामन्याला समोर ठेवून, सामन्यात काय दिसले ते सांगून ती बोलत होती. हसण्यावरून जिद्द मोजली, हे तिचे चुकले असेल; पण तिचे म्हणणे सामन्याच्या पुराव्याने खोडता येत होते. ज्या टीकेला खेळाच्या पुराव्याने उत्तर देता येते, ती टीका खेळाचीच असते, मग ती कितीही बोचो. ट्रम्प यांच्या शेऱ्याला मात्र फुटबॉलमधला कोणताही पुरावा उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात फुटबॉल नाहीच.

रॅपिनोचीच गोष्ट घेऊ. २०१६ मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकल्यापासून ती वादात होती. २०१९ च्या विश्वचषकादरम्यान, जिंकलो तरी व्हाइट हाउसमध्ये जाणार नाही, असे तिने म्हटले. त्यावर तेव्हा अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांनी आधी जिंकून दाखवावे, मग बोलावे, असे बजावले. तिने जिंकून दाखवले. यजमान फ्रान्सविरुद्ध दोन्ही गोल तिचे होते. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल तिचाच होता, आणि तो पेनल्टीवर होता. सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि सर्वाधिक गोलांचा किताब घेऊन ती परतली. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये ती पुन्हा तशाच पांढऱ्या ठिपक्यासमोर उभी राहिली, आणि या वेळी चेंडू गोलवरून गेला. दोन्ही वेळी बाई तीच होती, मतेही तीच होती. २०१९ ची पेनल्टी आत गेल्याने तिची मते खरी ठरली नसतील, तर २०२३ ची बाहेर गेल्याने ती खोटी कशी ठरतात? शिवाय त्या शूटआउटमध्ये ती हुकली तरी अमेरिका पुढेच होती. तिच्यानंतर सोफिया स्मिथला सामना जिंकून देण्याची संधी होती. तिचाही फटका बाहेर गेला. केली ओहाराचा खांबावर आदळला. स्मिथ आणि ओहारा यांच्या वाट्याला रॅपिनोइतकी निंदा आली नाही, यावरूनच कळते की राग हुकलेल्या पेनल्टीचा नव्हता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. राजकारण खेळाडूंनीच मैदानात आणले, मग चाहत्यांनी राजकीय बोलले तर बिघडले कुठे? व्हिएतनामविरुद्धच्या सामन्याआधी अनेकींनी राष्ट्रगीत म्हटले नाही; ज्यांना ते खटकले, त्यांनी गप्प बसावे का? मुळीच नाही. राष्ट्रगीताला कसे उभे राहावे, यावर मतभेद असू शकतो आणि तो उघड मांडावा. पण तो आक्षेप प्रामाणिक असेल, तर संघ ३-० जिंकला त्या दिवशीही तेवढाच खरा असतो आणि शूटआउटमध्ये हरला त्या दिवशीही. जो आक्षेप पराभवाची वाट पाहत थांबतो, त्याचा स्वतःवरच विश्वास नसतो. हाच नियम संघाच्या बाजूच्या लोकांनाही लागू आहे. २०१९ मध्ये लिऑनच्या स्टेडियममध्ये अंतिम सामना संपताच प्रेक्षकांनी समान वेतनाचा घोष केला. तो क्षण भारावून टाकणारा होता, पण त्यात एक धोका दडला होता. विजय हा न्यायाचा दाखला आहे असे आपणच म्हणून बसलो, तर पराभवाच्या दिवशी विरोधकांनी तोच दाखला उलटा फिरवला म्हणून तक्रार कशी करणार?

दुसरा आक्षेप त्याहून थेट आहे: पैसे समान हवेत, तर बोलणीही समान खा. तत्त्व मान्य; फक्त दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू. महिला संघाच्या २८ खेळाडूंनी समान वेतनासाठी २०१९ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघावर दावा केला, २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि नव्या करारानुसार पुरुष व महिला संघांच्या विश्वचषकातल्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून वाटण्याचे ठरले. आता आकडे पाहा. २०२२ मध्ये कतारला अमेरिकेचा पुरुष संघ अंतिम १६ च्याच फेरीत नेदरलँड्सकडून ३-१ असा हरला. त्याबद्दल मिळालेले बक्षीस १ कोटी ३० लाख डॉलर होते. महिलांनी २०१५ आणि २०१९ चे दोन विश्वचषक जिंकले, त्याचे बक्षीस अनुक्रमे २० आणि ४० लाख डॉलर. म्हणजे दोनदा जगज्जेतेपद मिळवणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक रक्कम एकदा अंतिम १६ मध्ये हरणाऱ्यांना मिळाली. मोबदला कामगिरीवर ठरावा असा आग्रह धरणाऱ्यांनी हे आकडे आधी समजून घ्यावेत. आणि बोलण्यांचे म्हणाल, तर २०१७ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून हरून पुरुष संघ रशियातल्या विश्वचषकाला मुकला, तेव्हा देशभर संताप उसळला. प्रशिक्षक ब्रूस अरिना यांनी पद सोडले. महासंघाचे भारतात जन्मलेले अध्यक्ष सुनील गुलाटी पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मुलांना फुटबॉल शिकवण्याची महागडी पद्धत कशी बदलावी, यावर खल झाला. टीका जहाल होती, पण विषय फुटबॉल होता. समान बोलणी म्हणजे ही बोलणी. ती महिला संघालाही मिळावीत, याच जोराने.

पुरुष खेळाडूही शिवीगाळीतून सुटत नाहीत, हेही खरे. २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंवर वर्णद्वेषी गरळ ओकली गेली. तेथेही विषय पेनल्टीवरून कातडीकडे वळला, म्हणून ते निंद्य होते. माझ्या म्हणण्याला त्याने पुष्टीच मिळते. पण प्रमाण सारखे नाही. फिफा आणि खेळाडूंची संघटना फिफप्रो यांच्या अहवालानुसार २०२३ च्या महिला विश्वचषकातल्या दर पाच खेळाडूंपैकी एकीला समाजमाध्यमांवर द्वेषपूर्ण, अर्वाच्य किंवा धमकीचे संदेश आले. आदल्या वर्षीच्या पुरुष विश्वचषकाच्या तुलनेत महिला खेळाडू लक्ष्य होण्याची शक्यता २९ टक्क्यांनी अधिक होती. अशा संदेशांपैकी जवळपास निम्मे समलिंगी व्यक्तींचा द्वेष करणारे, लैंगिक किंवा बाईपणाचा अपमान करणारे होते. म्हणजे निम्म्या शिव्यांना चेंडू कुठे गेला याच्याशी काही देणेघेणे नव्हते.

याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. शिवीगाळीला वैतागलेले अनेक हितचिंतक महिला संघावरची प्रत्येक टीका द्वेष समजून परतवून लावतात. 'पोरींनी प्रयत्न तर केला' एवढ्यावर सगळे मिटवतात. हेतू चांगला असतो, पण ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याचेच कौतुक असे केले जाते. चार वेळच्या जगज्जेत्यांना सहानुभूतीचा हार घालणे म्हणजे त्यांच्या चार चषकांचा विसर पडणे. आंडोनोव्स्की यांच्या निवडीवर, बदली खेळाडू वापरण्याच्या टाळाटाळीवर, मधल्या फळीच्या विस्कळीत खेळावर ज्यांनी कठोर प्रश्न विचारले, त्यांनी संघाचे अधिक भले केले. आंडोनोव्स्की यांनी राजीनामा दिला आणि महासंघाने इंग्लंडमध्ये चेल्सी संघाला अनेक विजेतेपदे मिळवून देणाऱ्या एमा हेज यांना आणले.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी, मेलबर्नच्या पराभवाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, लिऑनमध्ये ऑलिम्पिकचा उपांत्य सामना जर्मनीविरुद्ध जादा वेळेत गेला आणि ९५ व्या मिनिटाला विजयी गोल झाला. तो सोफिया स्मिथचा होता. चार दिवसांनी पॅरिसमध्ये दुखापतीतून परतलेल्या मॅलरी स्वॉन्सनच्या गोलने ब्राझीलला १-० असे हरवून अमेरिकेने पाचवे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. या सुवर्णाने संघाची मते सिद्ध झाली, असे म्हणण्याचा मोह मला टाळायलाच हवा, नाहीतर वरचे सारे मीच पुसून टाकेन. त्या वर्षभरात समान वेतनाचा करार बदलला नव्हता. बदलला होता प्रशिक्षक, सावरला होता स्वॉन्सनचा गुडघा, आणि जुळून आली होती पुढची फळी. पराभवाचे कारण मैदानावर होते आणि विजयाचेही मैदानावरच सापडले. पुढच्या पराभवाच्या रात्री, आणि तो येणारच, चाहत्याने स्वतःला एवढेच विचारावे: मी जे आता लिहितो आहे, ते सामना न पाहताही लिहिता आले असते का? उत्तर होय असेल, तर ते खोडून टाकावे आणि सामना पुन्हा एकदा पाहावा.