ठिणगी कोठे अडली?



२९ जून रोजी संत पेत्राचे फेस्त पार पडले. होड्या एकत्र बांधून सजविलेले सांगोड पाण्यावरून फिरले, गाणी झाली, आशीर्वाद झाला. आता पाऊस कोसळत आहे आणि अनेकांची इंजिने घराच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली विसावली आहेत. ऑगस्ट उजाडला की ती पुन्हा खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे न्यावयाची. त्यापूर्वी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि तीत माझीही एक चूक आहे.

गेल्या मे महिन्यात आपल्याच वाड्यावरील दोन भाऊ तिन्हीसांजेला परतत होते. नदीच्या मुखाशी, जेथे वाळूच्या बांधावर लाटा फुटतात, नेमके तेथेच त्यांचे लहान आऊटबोर्ड इंजिन एकाएकी बंद पडले. धडपडले नाही, खोकले नाही; दिवा मालवावा तसे थांबले. दोरी ओढून ओढून थोरल्याचे तळहात सोलले. होडी आडवी झाली, अर्धी पाण्याने भरली. मागून येणाऱ्या एका होडीने दोर फेकला म्हणून दोघे घरी पोहोचले. त्यांची आई तोवर वाड्यावरील क्रुसापाशी रोझरी हातात घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते इंजिन माझ्या ओसरीवर आले. चर्चचा जनरेटर मी अधूनमधून चालू करतो, एवढ्यावर लोक मला कारागीर समजतात. प्लग काढून पाहिला, तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे इंधन येत होते, ठिणगी येत नव्हती. येथवर माझा तर्क बरोबर होता. पुढे मात्र मी घाई केली. "सीडीआयचा डबा गेला असावा," असे मी मोठ्या अधिकाराने सांगून टाकले. आईची एक बांगडी गहाण पडली आणि नवा डबा आला. ठिणगी आली नाही. मग थोरला धाकट्याला म्हणाला, "तूच रोज इंजिनावर पाणी ओतून ते बिघडवलेस." धाकट्याने दुसऱ्याच्या होडीवर काम धरले. तीन आठवडे एका घरात दोन चुली नव्हत्या एवढेच. बोलणे बंदच होते.

फेस्ताच्या नोवेनासाठी आलेल्या एका वृद्ध दुरुस्तीकाराने ते इंजिन पाहिले. त्याने काहीच विकत आणावयास सांगितले नाही. बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी एक बारीक वायर त्याने जोडातून सोडविली व दोरी ओढली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी कडाडली. त्या वायरचे आवरण झाकणाच्या कडेशी घासून गेले होते आणि आतील तांबे धातूला टेकत होते.

हे एवढ्याने कसे होते, हे समजून घेण्याजोगे आहे. दोरीने सुरू होणाऱ्या आपल्या लहान इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. वरच्या जड चाकात लोहचुंबक बसविलेले असतात. चाक फिरले की ते चुंबक तारेच्या गुंडाळीजवळून जातात व गुंडाळीत वीज उत्पन्न होते. हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रयोगाने दाखविला. ही वीज सीडीआयच्या डब्यात क्षणभर साठते, मग एकदम कॉइलमध्ये सोडली जाते, आणि कॉइल तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवून प्लगकडे पाठविते. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला ही कटकट नसते. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते.

आता घरातील दिव्याचे बटण आठवा. ते बंद केले की वाट तुटते व दिवा जातो. होडीच्या या इंजिनाचे बटण नेमके उलट आहे. ते दाबले की वाट जोडली जाते: डब्यातील वीज प्लगकडे न जाता इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थिंगमध्ये, उतरून जाते. म्हणून त्या वायरचा कोठे तुकडा पडला तर इंजिन चालूच राहील, बटणाला जुमानणार नाही. परंतु तीच वायर कोठे उघडी पडून धातूला टेकली, की कोणी बटण सतत दाबून धरल्यासारखे होईल. मनगटाला बांधावयाच्या दोरीचा चिमटाही याच वाटेवर असतो. चिमटा निघाला की इंजिन थांबते. बंद इंजिनापाशी प्रथम तो चिमटा जागेवर आहे काय हे पाहा. हसू नका; यापायी तासभर दोरी ओढणारे मी पाहिले आहेत. आणि चिमट्याच्या जागी सुतळी कोंबून ठेवणाऱ्यांना मी रागावूनच सांगतो: माणूस पाण्यात पडल्यावर मोकळी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, आणि तिच्यामागे पंखा असतो.

परीक्षेचा क्रम पैशाच्या क्रमानेच धरावा. प्रथम नवा प्लग लावून पाहावा, तो सर्वांत स्वस्त. प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावे. मोकळा लोंबत ठेवला तर कॉइल व डबा यांनाच इजा होण्याचा संभव असतो. तो हातात धरू नये, रबरी मुठीच्या पकडीने धरावा. इंधनाची नळी आधी काढावी आणि ज्या भोकातून प्लग काढला त्याच्या तोंडाशी ठिणगी पाडू नये. पेट्रोलची वाफ कोणाचीच भीड धरीत नाही. ठिणगी नसेल तर बटणाची वायर सोडवून पाहावी. आता ठिणगी आली तर दोष त्या वायरीत, बटणात किंवा चिमट्याच्या खटक्यात. परीक्षा संपली की वायर दुरुस्त करून पुन्हा जोडावी, तशीच सोडून समुद्रावर जाऊ नये. तरीही ठिणगी नसेल तर सर्व जोड उघडून पाहावेत. कॉइल व डबा जेथे धातूला आवळलेले असतात तो स्क्रू काढून खालचा गंज घासावा. डब्याचा नंबर सर्वांत शेवटी. मी तो पहिला लावला.

डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्यांवरील मोठ्या चार-स्ट्रोक इंजिनांची गोष्ट निराळी आहे. त्यांत इंधन फवारणारा व ठिणगीची वेळ ठरविणारा छोटा संगणक असतो, आणि त्याला बॅटरीची वीज लागते. येथे लोक मीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसतात, आणि "बॅटरी उत्तम आहे" म्हणून दुसरीकडे दोष शोधतात. परंतु स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा फार थोडे सांगतो. मिठाने हिरवा पडलेला जोड मीटरला फसवितो, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढीत नाही. स्टार्टर फिरू लागला की मोठा प्रवाह त्या अरुंद वाटेत अडतो, पुढे व्होल्ट उरत नाहीत आणि संगणक झोपी जातो.

म्हणून भार असतानाच मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे त्याच खुंटीवरील चिमट्यावर ठेवावे व सोबत्याला स्टार्टर फिरवावयास सांगावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर तो जोडच वीज खात आहे. तीच परीक्षा ऋण खुंटी व इंजिनाचे अंग यांमध्ये करावी. मुख्य फ्यूजचे घरही उघडून पाहावे. मीटर नसेल तर मोटारगाडीचा २१ वॉटचा बल्ब दोन तारांना जोडून वापरावा; वाट खराब असेल तर तो मिणमिणेल, आणि मिणमिणणारा बल्ब मीटरपेक्षा प्रामाणिक असतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र कधीही काढू नये. विजेचा दाब उसळून महागडे भाग जळतात.

राहिला पाण्याचा वाद. धाकटा भाऊ दररोज गोड्या पाण्याने इंजिनाचे बाहेरचे मीठ धूत असे, ते योग्यच होते. झाकण मात्र बंद असावे. आतील जोडांवर पाण्याचा झोत मारू नये, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. जोड घासून आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. नवी वायर घालावयाची तर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्यावी. साध्या तांब्यात खारा ओलावा आवरणाखालून आत चढतो. बाहेरून वायर चांगली दिसते, आत काळी झालेली असते. वायर झाकणाच्या कडेवरून जात असेल तेथे रबरी नळीचा तुकडा चढवावा. त्या घरी एवढा एक तुकडा असता तर बांगडी हातातच राहिली असती.

मी त्या दोघांना बोलावून माझी चूक कबूल केली. थोरला बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग धाकट्याला म्हणाला, "उद्या सकाळी वायर बदलायची आहे, पकड तू धर." दुकानदार विजेचा माल परत घेत नाही, म्हणून नवा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यांनी घरी ठेवला आहे. बांगडीच्या व्याजापैकी माझा वाटा मी देऊ केला. आईने तो घेतला नाही, मात्र ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी होडी सुटण्यापूर्वी आशीर्वादाला पहाटे पाच वाजता किनाऱ्यावर यावे, असे बजावले आहे.