सही करण्यापूर्वी!

दिवाळीच्या आगेमागे मुंबई-पुण्याच्या काही घरांत फराळाबरोबरच आणखी एक लगबग चाललेली असते. बारावीत शिकणाऱ्या मुलाचा वा मुलीचा अर्ज अमेरिकेतील कॉलेजकडे १ किंवा १५ नोव्हेंबरच्या आत रवाना व्हावयाचा असतो. ‘लवकर अर्ज करा, प्रवेशाची शक्यता वाढते’, असे सल्लागार सांगतो. बाप चष्मा पुसतो आणि सही करतो. आपण कशावर सही केली, याचा उलगडा त्याला होतो तो डिसेंबरात! म्हणूनच या विषयाला आज आम्ही पहिल्या पानावर जागा देत आहोत.

लवकरच्या अर्जाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. नावे मिळतीजुळती असली तरी परिणाम अगदी भिन्न आहेत. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळते, पण विद्यार्थी मोकळा राहतो, आपला होकार त्याने १ मेपर्यंत कळविला तरी चालतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड येथील पद्धत याहून थोडी निराळी. तेथेही होकाराचे बंधन नाही. मात्र त्याच वेळी अन्य खासगी विद्यापीठांकडे लवकरचा अर्ज करण्यास सामान्यतः मज्जाव असतो. तिसरा प्रकार ‘अर्ली डिसिजन’. यात एकाच कॉलेजला वचन द्यावयाचे असते की, प्रवेश मिळाला तर मी येईनच आणि बाकीचे सर्व अर्ज मागे घेईन. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात. याच अटींवर काही कॉलेजे जानेवारीच्या सुमारास दुसरी फेरीही घेतात.

आपल्या वाचकांना हे बंधन अगदीच अपरिचित नाही. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. पण तेथे फी आधी ठाऊक असते. येथे आर्थिक साहाय्य किती मिळणार, हे कळण्यापूर्वीच शब्द द्यावा लागतो! चार कॉलेजांची साहाय्यपत्रे समोर ठेवून तुलना करण्याचा हक्क विद्यार्थी सहीबरोबर सोडून देतो. ज्याला किंमत विचारावी लागत नाही, त्याचे यात काहीच जात नाही. ज्याला पै-पैचा हिशेब करावा लागतो, त्याचे मात्र सारेच पणाला लागते. हा अन्याय आम्हालाच दिसतो असे नव्हे. याच कारणास्तव २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी लवकरचे प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले होते. इतर बहुतेक संस्था त्यांच्यामागून गेल्या नाहीत आणि २०११ मध्ये या दोघींनीही बंधनाविना का होईना, तो मार्ग पुन्हा खुला केला.

सुटकेची एक वाट आहे. मिळालेल्या साहाय्यात शिक्षण परवडणे अशक्य असेल, तर विद्यार्थ्याला वचनातून मोकळे होता येते. पण ही सवलत साहाय्याचा अर्ज केलेल्यांसाठी आहे. ‘पैसे मागितले तर प्रवेश हुकेल’, या भीतीने जो गप्प राहिला, त्याला ती वाट नाही. ही भीती निराधार नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजे ऐपत पाहूनच निर्णय घेतात. परंतु प्रवेशाच्या वेळी न मागितलेले साहाय्य पुढे अनेक ठिकाणी मागताच येत नाही, हेही तितकेच खरे!

तेव्हा पालकांना आमचे सांगणे एवढेच. त्या कॉलेजचा चार वर्षांचा खर्च, रुपयाची घसरण धरून, कागदावर मांडा. परदेशी विद्यार्थ्यांना ते कॉलेज किती आणि कशा स्वरूपात साहाय्य देते, हे लेखी विचारा. ते कॉलेज मुलाच्या खरोखरच मनात आहे आणि हिशेब जुळतो आहे, तर खुशाल सही करा. तसे नसेल तर ‘अर्ली ॲक्शन’ आहे, जानेवारीची नेहमीची मुदतही आहे. आभाळ कोसळत नाही. सही करून मागाहून वचन मोडले, तर शाळेचा विश्वास डळमळतो आणि त्याची झळ पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना लागू शकते. शाळांनीही हे नियम पालकांना मराठीत समजावून सांगितल्याखेरीज त्यांच्यापुढे कागद ठेवू नये.

दिलेला शब्द पाळावा, हे आपण मुलांना शिकवितोच. पाळता येईल तोच शब्द द्यावा, हेही त्यांना शिकविले पाहिजे!