खर्रा सुटला? मग तोंड तपासा!



गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. २०१६ साली गडचिरोलीत 'मुक्तिपथ'चे काम सुरू झाले. गावांनी ठराव केले, कित्येकांनी खर्ऱ्याची पन्नी कायमची फेकली. त्यांना सलाम! पण 'सोडला म्हणजे सुटलो' हे समाधान खोटे आहे.

खर्रा म्हणजे तंबाखू, चुना आणि सुपारी. गाल आतून दोरीसारखा आवळतो तो मुख्यतः सुपारीने. खर्रा सोडला तरी तो पुरता सैल होत नाही. कर्करोगाचा धोका उतरतो, पण वर्षांनी उतरतो. म्हणून तंबाखू टाकून नुसती सुपारी चघळणारा सुटलेला नाही!

आरशासमोर उभे राहा. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात काय? आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे काय? सोडल्यावर काही दिवस तोंड येते, ते बरे होते. पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणारा घास दिसला की मलम नको, डॉक्टर गाठा.

तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासायचे, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. रोवणी आटोपताच ग्रामसभेत ठराव घ्या आणि आरोग्य केंद्राकडून तारीख मागा.

बैलाचे दात पाहून सौदा करणारे आपण. स्वतःचे तोंड उघडून दाखवायला लाज कसली?