साखर मोजतो, ताकद कोण मोजणार?





अमेरिकेत आलेल्या आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता ऐंशीच्या घरात आहेत. काहींना नर्सिंग होमचा निर्णय घ्यावा लागला आहे. तो योग्य की अयोग्य, हा वाद आज नको. तिथे भेटायला गेल्यावर आपण विचारतो काय? "शुगर किती? वजन किती? गोड देत नाही ना?" पायांत ताकद किती उरली, हे मात्र क्वचितच विचारतो.

माझे संशोधन स्नायूंवर असल्याने मला हे खटकते. जेवणानंतर इन्सुलिनच्या मदतीने रक्तातली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायूच करतात. स्नायू झिजले की साखर आवरत नाही आणि मधुमेह बळावला की स्नायू आणखी झिजतात. त्यावर चरबीचा थर असेल तर ही झीज वजनकाट्यावर दिसतही नाही. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. अमेरिकेत तिच्या निदानाला स्वतंत्र कोड मिळायला २०१६ उजाडले.

आपण भारतीयांनी तर जास्तच सावध राहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

"वय झाले, आता काय व्हायचे?" हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी नर्सिंग होममधल्या १०० दुर्बल वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांनी वजने ढकलण्याचा व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पोषक पेय मिळालेल्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. उलट, केवळ खाणे तोडून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

नर्सिंग होममध्ये माणसे कमी आणि कामे फार. चालवत नेण्यापेक्षा व्हीलचेअर ढकलणे लवकर होते. पण आपण तरी घरी वेगळे काय करतो? "आई, तू बस, मी आणते" यालाच आपण सेवा म्हणतो. बसवून ठेवलेली आई एक दिवस आधाराशिवाय बाथरूमलाही जाऊ शकत नाही. प्रश्न तिच्या स्वाभिमानाचा आहे.

म्हणून पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: हात न टेकता खुर्चीतून उठता येते का? जेवणात पुरेशी प्रथिने आहेत का? फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किती वेळा होतो?

आणि हो, चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनी पहिला प्रश्न आज स्वतःलाही विचारावा.

आपले अनुभव जरूर कळवा.