झुरळांच्या भरवशावर

"झुरळं हलताना दिसली की उतरायचं, ताई. नाही दिसली तर थांबायचं."

आमच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण पहारीने बाजूला सारत एका सफाई कामगार मामांनी मला हे सांगितलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. वय पन्नाशीच्या आसपास. अंगावर चड्डी आणि बनियन, कमरेला दोरी, हातात बादली. दोरीचं दुसरं टोक पुतण्याच्या मुठीत. आत विषारी वायू आहे की नाही हे कसं कळतं, एवढंच मी विचारलं होतं. मामांनी वाकून आत पाहिलं. ओल्या भिंतीवर झुरळं फिरत होती. मामा उतरले. अर्ध्या तासात तुंबलेलं पाणी वाहतं झालं, आणि वर उभे असलेले आम्ही सगळे आपापल्या घरी जेवायला गेलो.

या सदराच्या वाचकांनी गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न वारंवार विचारला आहे: रोबोट म्हणजे नेमकं काय, आणि आपल्यासारख्या समाजाला त्याचा उपयोग काय? उत्तराची सुरुवात मला त्या चेंबरपासूनच करावीशी वाटते.

'रोबोट' हा शब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही, तो रंगभूमीवरून आला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं. माणसाची कामं करायला कारखान्यात बनवलेले कृत्रिम मजूर, हा त्याचा विषय. या मजुरांना नाव काय द्यावं, असा प्रश्न पडला तेव्हा त्याचा भाऊ, चित्रकार योसेफ, याने शब्द सुचवला. तो आला 'रोबोटा'वरून. जमीनदाराच्या शेतात कुळांनी सक्तीने केलेली मजुरी म्हणजे रोबोटा. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: वेठ. म्हणजे रोबोट हा अर्थानेच वेठबिगार. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसाला वेठीला धरण्यावर बंदी घातली. तेव्हा यंत्राला वेठीला धरावं आणि माणसाला सोडवावं, हा या विद्येचा मूळ हिशेब मानायला हरकत नाही.

आता व्याख्या. घरातला मिक्सर रोबोट नव्हे. बटण दाबलं की तो फिरतो. भांड्यात शेंगदाणे आहेत की बोट, हे त्याला कळत नाही. रोबोटला तीन गोष्टी लागतात. भोवतालचं जाणून घेणारे संवेदक, म्हणजे कॅमेरा, वायूमापक, स्पर्श किंवा दाब ओळखणारे भाग. आलेल्या माहितीवरून पुढची हालचाल ठरवणारा संगणक. आणि ती हालचाल करणारे हात, पाय किंवा चाकं. काही रोबोट स्वतःच्या हिशेबाने चालतात, काहींचा लगाम दूर बसलेल्या माणसाच्या हातात असतो. शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये निर्णय सर्जनचाच असतो. यंत्राचा हात त्याची हालचाल बारीक करून, कंप गाळून पोटाच्या आत पोचवतो. माणसासारखा चेहरा असणं ही रोबोटची अट कधीच नव्हती.

कारखान्यात कामाला लागलेला पहिला रोबोट 'युनिमेट'. जॉर्ज डेव्हॉल यांनी त्याची कल्पना मांडली, जोसेफ एंगलबर्गर यांनी ती धंद्यात उतरवली, आणि १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो उभा राहिला. काम काय, तर साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलून बाजूला ठेवणं. ते भाग भाजत, वाफा नाकात जात, चूक झाली तर हात जाई. म्हणून तिथे यंत्र आलं.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळायला जाड भिंतीपलीकडचे यांत्रिक हात वापरतात. शास्त्रज्ञ काचेच्या अलीकडे मूठ आवळतो, पलीकडे पोलादी बोटं मिटतात. पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेने 'दक्ष' घडवला. संशयास्पद बेवारस पिशवीजवळ हा चाकांचा रोबोट जातो, जिने चढतो, आणि जवान सुमारे ५०० मीटर अंतरावरून तो चालवतो. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंगच्या ठिणग्यांत यांत्रिक हात पाळ्या भरतात. किरणोत्सार, स्फोटकं, तापलेला धातू: जिथे शरीराला इजा आहे तिथून माणसाला मागे घ्यायचं, हे आपण जाणतो. तसं करण्याची विद्याही आपल्याकडे आहे.

गटारातही शरीराला इजाच आहे. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो वास घेणारी नसच बधिर करतो, आणि वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो. सोबत मिथेन असतो, प्राणवायू कमी असतो. गाळावर पहार मारली की खाली कोंडलेला वायू एकदम वर येतो. काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्या वर्तमानपत्रांतल्या अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकावर क्वचित थांबतो, त्याचं कारण हे. झुरळं हलत होती ती झाकण उघडलं त्या क्षणी. पहार पडल्यानंतरचं झुरळं काय सांगणार?

नोव्हेंबर २०१५ मध्ये कोळिकोडला हेच घडलं. मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार अडकले. रस्त्यावरून जाणारा एक रिक्षाचालक त्यांना वाचवायला उतरला. तिघेही गेले. केरळमधल्याच मलप्पुरम जिल्ह्यात, कुट्टिप्पुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या काही तरुणांच्या मनात ही घटना रुतून बसली. त्यांनी 'जेनरोबोटिक्स' ही कंपनी उभी केली, आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमला त्यांचा 'बँडिकूट' कामाला लागला.

बँडिकूट म्हणजे आपली घूस. नाव चपखल आहे. यंत्राचे दोन भाग. एक रस्त्यावर, मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहतो. त्याला पडदा आणि चालवायच्या कळा. दुसरा भाग पाय मिटून, अंग चोरून आत उतरतो आणि खाली पोचल्यावर पाय फाकून भिंतींना टेकवतो. मग त्याचा हात गाळ, दगड, चिंध्या, प्लास्टिक खरवडून बादलीत भरतो आणि बादली वर येते. अंधारात पाहणारे कॅमेरे चित्र दाखवतात, वायूमापक आकडे दाखवतो. झुरळांकडे सोपवलेलं काम अखेर यंत्राकडे आलं. अंग चोरून उतरण्याचं कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते तोंड माणसाच्या खांद्यांच्या मापाने बांधलेलं आहे. 'मॅनहोल' या शब्दातच माणूस उतरणार हे गृहीत धरलेलं आहे.

युनिमेट १९६१ मध्ये आला, बँडिकूट २०१८ मध्ये. मध्ये ५७ वर्षं गेली. तंत्र अवघड होतं, हे खरंच. कारखान्यात प्रत्येक वस्तू ठरल्या जागी असते. गटारात काळोख, चिखल, वायू, आणि प्रत्येक चेंबरची तऱ्हा वेगळी. पण अवघड तर अणुभट्टीही होती. माझं म्हणणं स्पष्ट आहे: यंत्र कुठे आधी पोचतं हे केवळ विज्ञान ठरवत नाही, कोणाचा देह आपण मोलाचा मानतो तेही ठरवतं. गटारात यंत्राला उशीर झाला, कारण तिथे उतरायला एका ठरावीक जातीतला माणूस रोजंदारीवर मिळत होता. तो मिळतो तोवर यंत्र कायम महाग वाटणार.

कायद्याने आपलं काम काही अंशी केलं. १९९३ मध्ये हाताने मैला वाहण्यावर बंदी आली. २०१३ च्या कायद्याने तीत गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाईही आणली. मात्र तिथे एक फट राहिली. संरक्षक साधनं पुरवली असतील तर त्या सफाईला कायदा 'धोकादायक' म्हणत नाही. म्हणजे कागदावर हातमोजे आणि मुखपट्टी दाखवली की माणूस उतरवायची वाट मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या प्रत्येक मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. केंद्राने यंत्राने सफाई करण्यासाठी 'नमस्ते' योजना आणली, मॅनहोलचं मशीनहोल करण्याची घोषणा झाली. भरपाई मिळायलाच हवी. पण भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थच माणूस अजून उतरतो आहे.

दर वेळी महापालिकेकडे बोट दाखवून आपण सुटतो, तेही थांबवायला हवं. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत तीन कामगार गुदमरून गेले, ते एका खासगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टाकीत. त्यांच्या विधवांना भरपाई मिळण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. टाकी कोणाची? तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सोसायटीची. ठेकेदाराला फोन करणारा सेक्रेटरीही आपल्यातलाच असतो.

यंत्र आलं की कामगाराच्या पोटाचं काय, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीवर हजारो घरं उभी आहेत. तिचा आधार मोठा आहे, आणि तीच नोकरी बापाचं काम मुलाच्या हाती देत राहते, ही वेदनाही तितकीच मोठी. त्यामुळे यंत्र आणून जुन्या माणसाला घरी बसवणं हा दुसरा अन्याय होईल. यंत्र चालवणारा तोच हवा. कोणता चेंबर कधी भरतो, कोणत्या वळणावर काय अडकतं, ही माहिती कुठल्याही नकाशापेक्षा त्याच्याकडे जास्त आहे. बँडिकूट चालवायला सफाई कामगारांनाच शिकवलं गेलं, ही त्या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. दिल्लीने २०१९ मध्ये गल्लीबोळांत शिरतील अशी २०० लहान यंत्रं रस्त्यावर आणली आणि त्यांची मालकी या कामातल्या कुटुंबांकडे जाईल अशी योजना केली. दोरीला बांधलेला माणूस यंत्राचा धनी व्हावा, ही दिशा बरोबर आहे. आपल्याकडे मात्र कायम कामगाराची जागा कंत्राटी मजूर घेत चालला आहे. ज्याची नोकरीच उद्यापुरती, त्याला प्रशिक्षण कोण देणार?

रोबोट एकटा सगळं करील, असंही मी म्हणत नाही. तो चेंबर साफ करतो. दोन चेंबरमधली वाहिनी मोकळी करायला पाण्याच्या दाबाचं जेटिंग यंत्र आणि गाळ ओढणारं सक्शन यंत्र लागतंच. यंत्र विकत घेऊन यार्डात गंजत ठेवणारी कार्यालयंही असतात. आणि आपण सॅनिटरी पॅड, चिंध्या, प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा गटारात लोटत राहिलो, तर कुठलाही रोबोट हात टेकेल.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. नगरसेवक मत मागायला आला की विचारा: आपल्या वॉर्डात सफाईची यंत्रं किती, ती चालतात का, चालवणारा कायम नोकरीत आहे का? मॅनहोलमध्ये माणूस उतरताना दिसला तर व्हिडिओ काढत उभे राहू नका, काम थांबवायला सांगा आणि १४४२० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा. आणि आपल्या सोसायटीच्या कंत्राटात एक ओळ घाला: कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरणार नाही.

आमच्या सोसायटीने ती ओळ यंदा घातली. सभेत वाद झाला, घरटी पैसे थोडे जास्त पडले, पण ठराव झाला. सही करताना ठेकेदाराने विचारलं, "आणि तळाशी गाळ घट्ट बसला असेल तर? मशीन तिथे पोचत नाही. पाच मिनिटांसाठी पोरगा उतरवावाच लागतो."

आमच्या अध्यक्षबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी टाकी अर्धवट राहू दे. दुसरं मशीन मिळेल तेव्हा या."

त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, आणि सही केली.